आत्याचं दाभण आणि साहेबांची चाखणी

आमच्या आत्यानं जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना मुद्दाम अळ्या खायला घातल्या, असं गावभर बोललं जातं. न्हावी तर अळीची लांबीसुद्धा सांगतो. वस्तरा हवेत धरतो, करंगळीच्या पेरावर नख टेकवतो आणि म्हणतो, "एवढी! आणि जिवंत! साहेबांच्या मिशीवरून परत चालत निघाली होती." साहेबांना मिशी नाही. पिठाच्या गिरणीवाली म्हणते, "सूड होता हो तो. लेकीसाठी आई काय करणार नाही? घातलं दाभण तोंडात!" दाभण तोंडात घातलं असतं तर साहेब आज गावोगाव भाषणं देत फिरले नसते, एवढंही तिच्या डोक्यात येत नाही.

खरं असं आहे की आत्यानं साहेबांसाठी गोदामातलं सगळ्यात चांगलं पोतं शोधून, झटकून, अगदी पुढे आणून ठेवलं होतं. त्या पोत्यात किडा सोडा, खडासुद्धा नव्हता. साहेबांनी जे खाल्लं ते स्वतः बोट दाखवून, हट्टानं मागून खाल्लं. मी आत्याला सुतळी ओवून द्यायला गोदामात जाते, त्या दिवशीही चार पावलांवर उभी होते. कोण काय बोललं आणि कुठल्या आवाजात बोललं, हे माझ्या कानातून जाता जात नाही.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. सरकारी धान्यगोदामात पोत्यांची तोंडं शिवते. सव्वीस वर्षं हेच काम. दाभण म्हणजे वीतभर लांबीची, टोकाशी जराशी वाकलेली जाड सुई. तिच्यात सुतळी ओवायची, पोत्याच्या दोन्ही कडा दुमडून एकत्र धरायच्या आणि टाके घालत जायचं. बाकीच्या बायका नऊ टाक्यांत पोतं बंद करतात. आत्या अकरा घालते, शेवटी गाठ मारते आणि त्या गाठीवर उलटी आणखी एक. हमालांचा मुकादम घोगऱ्या आवाजात ओरडतो, "बाई, पोतं शिवताय की लग्नाचे कपडे?" आत्या मान वर न करता म्हणते, "तुझं तोंड शिवायचा हुकूम आला ना, की नऊच घालीन. लवकर उरकीन."

ती घरात शिरते त्याच्याआधी गोणपाटाचा वास शिरतो. मग ती. मग तिच्या केसांतून, बाह्यांतून, पदराच्या घड्यांतून टोके उतरतात आणि भिंतीवर चढायला लागतात. टोके म्हणजे धान्यातले ते काळपट, सोंडवाले किडे. आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याच्या चहात एखादा पडला, की बाबा म्हणतात, "काही नाही, सरकारी कर्मचारी आहे."

गोदामाचा नियम सोपा. चांगल्या धान्याचं पोतं पांढऱ्या सुतळीनं शिवायचं. सडलेल्याचं लाल सुतळीनं. पांढरं माणसांचं, लाल कोंबड्यांचं. लाल पोती ट्रकमध्ये भरून नदीपलीकडच्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात जातात. हमालांना सुतळी बघायची गरजही पडत नाही. सडलेलं पोतं पाठीवर घेतलं की गरम लागतं. आत किडे आणि बुरशी मिळून धान्याला ताप आणतात. मी एकदा हात घालून पाहिलाय. ताप आलेल्या माणसाच्या काखेत घातल्यासारखा ओला, गरम. बाहेर काढला तेव्हा नखांत राखाडी पीठ होतं आणि ते पीठ चालत होतं.

आता पाऊस. दोन वर्षं आला नाही, आमच्याकडेही नाही आणि नदीपलीकडच्या जिल्ह्यात तर मुळीच नाही. पण नुसता पाऊस आला नाही म्हणून माणसं पाला उकडून खात नाहीत हो. त्याला वरून मदत लागते.

ती मदत अशी आली. पलीकडच्या शेतकऱ्यांनी सरकारला किती धान्य विकायचं याचा आकडा पाच वर्षांपूर्वी ठरला होता, मोठं पीक आलं होतं त्या वर्षी. आकडा कागदावर होता, कागद बदलायला कुणाला वेळ नव्हता. पीक आलं नाही तरी गाड्या आल्या. घरात बियाण्याला ठेवलेलं होतं तेही घेऊन गेल्या. ते सगळं धान्य पूल ओलांडून आमच्या गोदामात आलं, कारण पक्कं गोदाम आमच्याच बाजूला. मग दुसरा हुकूम निघाला: व्यापारी साठेबाजी करतात, म्हणून पुलावरून धान्य न्यायला बंदी. एक दाणा नाही. आणि तिसरं, ज्या जिल्ह्यानं सरकारला पूर्ण आकडा भरून दिला तो जिल्हा सुखी. सुखी जिल्ह्याला मदत कशाला?

भोंग्याची गाडी दिवसातून दोनदा आमच्या रस्त्यावरून जायची. नाकातून आवाज, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हेल: "नागरिकांनोऽऽ! धान्याचा पुरेसा साठा आहेऽऽ! अफवांवर विश्वास ठेवू नकाऽऽ!" आणि खोटं नव्हतं ते. साठा होताच. छतापर्यंत होता. थप्प्या इतक्या दाटीनं रचल्या होत्या की मध्ये वारा शिरत नव्हता, खालची जुनी पोती काढता येत नव्हती आणि वरून नवी येत होती. साठा कुलपात बसून स्वतःलाच खात होता.

आत्याची लेक, माझी ताई, पुलापलीकडे दिलेली. तिला चार महिन्यांचं बाळ. तिच्या घरचं धान्यसुद्धा त्याच गाड्यांतून आलं होतं. फाटलेली पोती आत्याकडे पुन्हा शिवायला आली, तेव्हा एकावर भाऊजींच्या अक्षरात कोळशानं घातलेली खूण होती. आत्यानं ती पाहिली, आणि तिच्यावरूनच टाका घातला.

एक दिवस ताईचा फोन आला. "आई, अंगावरचं दूध आटलंय गं. गरम पाणी पाजते त्याला. तो पितो पण, वेडा."

आत्यानं आमच्याच घरातल्या डब्यातलं धान्य पिशवीत भरलं, वर दोन जुने कपडे ठेवले आणि मला घेऊन भरदुपारी पुलावर गेली. नाक्यावरचा शिपाई तरुण होता, घसा बसलेला.

"पिशवीत काय, मावशी?"

"कपडे. लेकीचे."

"एवढे जड?"

"लेक भरल्या अंगाची आहे."

त्यानं कपडे उचलले. धान्य बघितलं. कपाळ खाजवलं. "मावशी, तुम्हाला त्रास द्यायची मला हौस नाही. पण कागद आहे." मग त्यानं पिशवी डांबरावर उलटी केली आणि रॉकेलचा डबा आणला. जप्त केलेलं धान्य नष्ट करायचं, असं कागदात होतं.

"अरे, ओततोस कशाला?" आत्या म्हणाली. "तू घेऊन जा. तुझ्या घरी पोरं असतील ना?"

"दोन आहेत. घेतलं तर चोरी होते, मावशी. ओतलं तर कामगिरी."

आणि ओतलं. दाणे चकचकीत झाले. एक चिमणी खाली उतरली, चोच मारली, डोकं झटकलं आणि उडून गेली. इतक्यात मागून आमच्याच गोदामाचा ट्रक आला, लाल सुतळीच्या पोत्यांनी भरलेला. वास आधी आला, ट्रक नंतर. शिपायानं नाकाला रुमाल लावला आणि आडवा बांबू वर केला. ट्रक थांबलासुद्धा नाही.

"त्याला कागद नको?" आत्यानं विचारलं.

"कोंबड्यांचं आहे ते. बंदी माणसांच्या धान्यावर आहे."

आत्यानं रिकामी पिशवी झटकून घडी केली आणि परत फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चांगल्या, कोरड्या, खणखणीत धान्याचं पहिलं पोतं लाल सुतळीनं शिवलं. अकरा टाके, दोन गाठी.

मुकादमानं ते पाठीवर घेतलं आणि दोन पावलांवर थांबला. "बाई, हे लाल आहे."

"दिसतंय ना? मग?"

"गार लागतंय."

"पाठ तुझी, डोळे सरकारचे. लाल म्हणजे लाल."

मुकादम तसाच वाकून उभा राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "वय झालं बुवा. पाठीला काही कळेनासं झालंय." आणि चालायला लागला. पुढचे तीन आठवडे कुठल्याच हमालाच्या पाठीला काही कळत नव्हतं.

पलीकडे भाऊजी त्याच कारखान्यात पोती उतरवायच्या कामाला होते. त्यांनी टाका ओळखला. कारखान्याचा मालक मजुरीऐवजी मजुरांना कोंबड्यांच्या खाद्याचंच मापटं द्यायचा, तेवढा थोर मनाचा होता. मजूर आता बरोबर अकरा टाक्यांचं पोतं फोडून मापटं भरू लागले. ताईची गल्ली तीन आठवडे कोंबड्यांच्या नावावर जेवली.

मग गोदामबाबूंच्या लक्षात आलं. गोदामबाबू म्हणजे आमच्या गोदामाचे कारकून. जिभेखाली लवंग ठेवून बोलतात, त्यामुळे सगळे शब्द लोळत बाहेर येतात. त्यांना धान्याचं काही कळलं नव्हतं, फक्त महिन्याच्या अहवालात लाल पोती वाढलेली दिसली. तो अहवाल साहेबांकडे गेला. साहेबांनी एवढं धान्य का सडतं असं विचारलं नाही. थप्प्या मोकळ्या करा म्हणाले नाहीत. त्यांनी हुकूम काढला: या गोदामात खराब धान्य शून्य असावं. लाल सुतळी बंद.

गोदामबाबूंनी लाल सुतळीची बंडलं कपाटात घालून कुलूप लावलं. "बाई, थगळी लाल पोती उथवा नि पांधऱ्यानं शिवा."

"आत सडलंय ते, बाबू. बघा तरी. हात घाला."

"हात कशाला घालू? थुतळी पांधरी झाली की झालं."

चार दिवस बायका बसून लाल टाके उसवत होत्या आणि तीच बुरसटलेली तोंडं पांढऱ्यानं शिवत होत्या. उसवताना आतली बुरशी धुरासारखी उडायची. दोघी बाहेर जाऊन ओकल्या. शून्याचा अहवाल गेला आणि गोदामाला उत्तम व्यवस्थापनाचं प्रशस्तिपत्र आलं. काचेच्या चौकटीत. चौकटीत पहिल्याच आठवड्यात एक टोका शिरला, तो सहीवर बसलेला असायचा.

लाल ट्रक बंद झाले. ताईचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाळ आता त्रास देत नाही गं. रडतच नाही." हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की आत्याच्या हातातून दाभण पडलं. तिच्या हातातून दाभण पडलेलं मी तेव्हाच पाहिलं.

त्याच आठवड्यात पलीकडच्या कुणीतरी फोटो काढले. माणसांचे. ते राजधानीत पोचले आणि तिथे एकदम सगळ्यांना पाझर फुटला. हुकूम आला: गोदामातून पलीकडे मदत पाठवा. पण आधी चाखणी. म्हणजे साहेबांनी स्वतः यायचं, एक पोतं फोडून दाणे शिजवायचे, खायचे आणि 'माणसांनी खाण्यास योग्य' अशी सही करायची. अयोग्य निघालं तर गोदामाला सील, सहा महिने चौकशी.

सहा महिने. आत्यानं ते शब्द बाबूंकडून दोनदा वदवून घेतले. मग निम्मा दिवस खपून, नाकानं आणि हातानं तपासत, तिनं ते सगळ्यात चांगलं पोतं दारात आणून ठेवलं. साहेबांनी चाखावं, सही करावी, ट्रक सुटावेत. सूड कसला नि काय. त्या दिवशी साहेबांच्या जिभेला गोड लागावं असं सगळ्या जिल्ह्यात जिला मनापासून वाटत होतं ती एकटी आत्या होती.

साहेब आले. सोबत कॅमेरेवाले. साहेबांचा आवाज मऊ, साय धरल्यासारखा, आणि प्रत्येक वाक्याआधी एक "अं".

"अं, हे पोतं पुढे कुणी ठेवलं?"

"मी, साहेब."

"अं, का?"

"हाताशी असावं म्हणून."

साहेब कॅमेऱ्याकडे बघून हसले. "अं, आम्हाला काय मूर्ख समजता? दाखवायचं पोतं नको. आम्ही कुठलंही खाऊ. ते. तिसरी थप्पी, खालून दुसरं."

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, ते नको. ते दडपलेलं आहे, काढताना थप्पी कोसळेल."

"अं, काढा."

"साहेब, मी पाया पडते, हे घ्या."

झालं. पाया पडते म्हटल्यावर तर साहेबांना खात्रीच पटली की इथेच काहीतरी लपवलंय आणि आपण ते पकडलंय. हमालांनी वरची पोती उतरवली, मुकादमानं ते पोतं ओढून काढलं, पाठीवर घेतलं आणि आत्याकडे बघून नुसते ओठ हलवले: गरम.

अंगणात चुलीवर पातेलं चढलं. पाणी उकळलं तसा राखाडी फेस वर आला आणि फेसावर टोके, पाय आखडून, थरच्या थर. आचारी पळीनं काढून टाकायचा, की खालून आणखी यायचे. वास म्हणजे वर्षभर भिजत पडलेल्या गोधडीत कुणीतरी मासळी गुंडाळून ठेवावी तसा. कॅमेरेवाला तीन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "इथूनच शॉट बरा येतोय."

आत्या भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या कानाशी म्हटलं, "संपलं गं. थुंकणार तो. सील लागणार."

आत्यानं पातेल्याकडे बघितलं. मग बाबूंच्या दारावर टांगलेल्या प्रशस्तिपत्राच्या चौकटीकडे. तिच्या तोंडावर एकदम असा भाव आला जसा उंदीर मेलेला डबा उघडताना येतो. "नाही थुंकणार."

"अगं, वास तरी घे!"

"शून्याचा हुकूम कुणी काढला? त्यानंच ना? थुंकला तर त्याचं शून्य थुंकावं लागेल. गिळेल. वर पुन्हा मागेल."

"कुठलाच माणूस हे गिळणार नाही, आत्या. पैज लाव."

"लावली. हरलीस तर महिनाभर टँकरच्या रांगेत माझ्या बादल्या तू धरायच्या."

"आणि तू हरलीस तर?"

"मी हरले," आत्या म्हणाली, "तर माझ्याकडून काही मागायचं तुझ्या मनात येणार नाही."

साहेबांना वाटीत वाढलं. त्यांनी चमचा भरला, कॅमेऱ्याकडे वळले आणि तोंडात घातला. जबडा एकदा हलला आणि थांबला. कानशिलं ताणली. डोळ्यांत पाणी आलं. गळ्याची घाटी वर गेली, तिथेच अडकून राहिली, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, थुंक, अरे माणसासारखा थुंक. आणि त्याच वेळी ताई आठवत होती आणि वाटत होतं की नको, थुंकू नकोस. घाटी खाली आली.

"अं," साहेब म्हणाले. "उत्तम. अगदी घरच्यासारखं."

सगळ्यात आधी टाळी गोदामबाबूंनी वाजवली. कॅमेरेवाला लांबून ओरडला, "साहेब, जरा हललं. परत एकदा घ्याल?"

साहेबांनी वाटी पुढे केली. "अं, वाढा."

तीन चमचे. मग त्याच हातानं सही. मग गाडीत बसले, आणि फाटकाबाहेर वळणावर गाडी थांबली, दार उघडलं, तेवढं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कॅमेरेवाला तेव्हा आत साहित्य बांधत होता.

ट्रक दुपारीच लागले. कागदावर आता सगळंच योग्य होतं, कुठलंही पोतं भरा. हमाल पोतं पाठीवर घ्यायचा, गरम लागलं की खाली ठेवायचा आणि कण्हायचा, "आई गं, पाठ गेली." बाबू विचारायचे, "काय झालं?" "पाठ, बाबू." असं करत दोन ट्रक भरले, सगळे गार. तेवढंच निघालं त्या डोंगरातून. आत्या प्रत्येक पोत्याच्या तोंडावर हात ठेवून सोडत होती. नाक्यावर बांबू वर गेला.

ताईच्या गल्लीला पुरलं. तिच्या मागच्या वस्तीपर्यंत पोचलं नाही; तिथली चार म्हातारी माणसं त्याच आठवड्यात गेली, आणि सरकारी कागदात ती वयोमानानं गेली. बाळ आहे. हातपाय काटक्यांसारखे, पण ओढून पितं. आत्यानं फोन माझ्या कानाला लावला तेव्हा त्याचा मचमच आवाज येत होता. उरलेली गरम पोती पांढऱ्या सुतळीत, साहेबांच्या सहीनिशी, आता आमच्याच गावात वाटायला निघालीत.

म्हणून न्हाव्यानं आणि गिरणीवालीनं तोंड आवरावं. आत्यानं कुणाला काही खायला घातलं नाही. तिनं फक्त माणूस ओळखला, आणि मी ओळखला नाही. आज बारावा दिवस आहे. दोन माझ्या, दोन आत्याच्या अशा चार बादल्या घेऊन मी टँकरच्या रांगेत सरकत असते, आणि आत्या ओट्यावर बसून दाभणाला धार लावत ओरडते, "सांडू नकोस गं! आणि पुढच्या वेळी साहेबावर पैज लावायची असेल तर आधी मला विचार!"